राष्ट्रपती कोण होऊ शकतं? वाद घालताय तर या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी अंताक्षरी आणि मोदक स्पर्धा ठरलेली, यंदा कोणाला तरी हुक्की आली म्हणून वादविवाद ठेवला. विषय : राष्ट्रपती जन्मानेच त्या देशाचा नागरिक असावा का. परीक्षक मी. आणि पहिली चूकही मीच केली, माईक हातात आल्या आल्या ठोकून दिलं की आपल्याकडे जन्माने भारतीय असल्याशिवाय राष्ट्रपती होताच येत नाही. बारावीतली एक मुलगी उठली, म्हणाली, "काका, कलम ५८ मध्ये जन्म हा शब्दच नाहीये." मोबाईलवर शोधलं तर खरंच नाहीये. भारताचा नागरिक हवा, ३५ वर्षं पूर्ण हवीत, लोकसभेवर निवडून यायला पात्र हवा, आणि सरकारी लाभाचं पद (ज्यातून पैसे मिळू शकतात असं सरकारी पद) नको. संपलं. नागरिकत्व जन्माने मिळालंय की नंतर अर्ज करून, घटना विचारत नाही.

मग माझ्या डोक्यात ते आलं कुठून? अमेरिकेतून. तिकडच्या घटनेत 'जन्मजात नागरिक' अशी अट आहे, सोबत ३५ वर्षं वय आणि १४ वर्षं तिथे वास्तव्य. वयाचा आकडा दोन्हीकडे सेम, त्यामुळे बाकीच्या अटीही सेम असतील असं आपण धरूनच चालतो. त्यात ओबामांच्या जन्मदाखल्यावरून तिकडे झालेला राडा इकडेही टीव्हीवर चालला (जन्म अमेरिकेतल्याच होनोलुलूचा, तरी २०११ मध्ये शेवटी पूर्ण दाखला दाखवावा लागला बिचाऱ्याला) आणि आपल्या महाराष्ट्रात १९९९ चा सोनिया गांधींच्या विदेशी मूळचा मुद्दा तर घराघरात गाजलेला, पवार, संगमा, तारिक अन्वर काँग्रेसमधून बाहेर आणि राष्ट्रवादीचा जन्म. पण तो वाद पंतप्रधानपदाचा होता आणि 'असं असायला हवं' या टाइपचा होता, कायदा तेव्हाही आड येत नव्हता. २००४ मध्ये सोनिया गांधींनी पद घेतलं नाही ते स्वतः नको म्हणून.

यावर सोपा उपाय मराठीतच आहे. आपला तो राष्ट्रपती, अमेरिकेचा तो राष्ट्राध्यक्ष. हिंदी चॅनेल बघून बघून आपण दोघांनाही राष्ट्रपती म्हणायला लागलो आणि तिथूनच खिचडी होते. मी त्या दिवशी अर्ध्यातून नियमच केला, चुकीचा शब्द वापरला की एक मार्क कट. भांडण निम्म्यावर आलं, खरं सांगतो.

आता तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांचा नातू न्यू जर्सीत जन्मलाय, चार वर्षांचा असताना इकडे आला, आता आठवीत. काकांचं म्हणणं की पोरगा दोन्हीकडे उभा राहू शकतो. नाही राहू शकत. अमेरिकेत जन्माची अट पूर्ण आहे, १४ वर्षं मात्र तिकडे जाऊन भरावी लागतील, सलग हवीत असं घटनेत लिहिलेलं नाही, हर्बर्ट हूवर कितीतरी वर्षं परदेशात राहून १९२८ मध्ये निवडून आलेच की. इकडे मात्र त्याच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे आणि लोकांना वाटतं ते म्हणजे दुहेरी नागरिकत्व. अजिबात नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ ब मध्ये चक्क नाव घेऊन लिहिलंय की ओसीआयवाल्याला कलम ५८ खाली राष्ट्रपती व्हायचा हक्क नाही. मतदानाचा पण नाही. म्हणजे आधी भारतीय नागरिकत्व घ्यायचं आणि त्यासाठी अमेरिकेचं सोडायचं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. उलट केस झोहरान ममदानीची, जन्म युगांडात कंपालाला, नागरिकत्व २०१८ ला मिळालं, न्यूयॉर्कचा महापौर होता आलं पण राष्ट्राध्यक्ष नाही होता येणार.

तिकडे सुद्धा 'अमेरिकेच्या मातीवरच जन्म हवा' असं छातीठोकपणे बोलू नका. जन्मजात नागरिक म्हणजे नेमकं कोण याची व्याख्या घटनेत नाही आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानेही या पदासाठी ती अजून पक्की करून दिलेली नाही. जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले, टेड क्रूझ कॅनडात कॅलगरीला, दोघेही उमेदवारीच्या मैदानात उतरलेच ना.

लाभाचं पद हा आपल्याकडचा खरा गुंता. एकाने सांगितलं की राज्यपालाला आधी राजीनामा द्यावाच लागतो, पुरावा काय तर २००७ मध्ये प्रतिभाताईंनी राजस्थानचं राज्यपालपद सोडलं, २०१७ मध्ये कोविंदांनी बिहारचं. दोन्ही खरं, पण निष्कर्ष चुकला. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, केंद्राचे आणि राज्याचे मंत्री ही पदं लाभाची धरायची नाहीत असा खुलासा कलम ५८ मध्येच आहे. राजीनामा देतात ती पद्धत आहे, अट नाही. लोकांनी काय केलं आणि त्यांना काय करावंच लागत होतं यात गल्लत केली की आख्खा वाद घसरतो. खासदारही उभा राहू शकतो, निवडून आला तर राष्ट्रपतीपदावर रुजू होतो त्या दिवशी त्याची जागा आपोआप रिकामी होते.

आणि "पण त्यांनी एक रुपया घेतला नाही" हे तर विसराच. जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी २००६ मध्ये यावरूनच गेली, कोर्टाने सांगितलं की पैसे घेतले का हा प्रश्नच नाही, त्या पदातून पैसे मिळू शकत होते का हे बघायचं. २०१२ मध्ये संगमांनी प्रणव मुखर्जींवर हाच आक्षेप घेतला, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अध्यक्षपदावरून, आणि सुप्रीम कोर्टात ३ विरुद्ध २ असा निकाल लागून याचिका गेली. पाच न्यायमूर्तींचं एकमत होत नाही तिथे गणपतीच्या मंडपात दोन मिनिटांत निकाल लावू नका. (आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, माझं पद लाभाचं का? साहेब, ते सरकारी पद नाहीये, आणि लाभाचं तर त्याहून नाही.)

वयाचं पटकन. वरची मर्यादा कुठेच नाही, प्रणवदा ७६ व्या वर्षी राष्ट्रपती झाले. किती वेळा? आपल्याकडे बंधन नाही, तरी दोनदा निवडून आले ते फक्त राजेंद्र प्रसाद. अमेरिकेत १९५१ पासून दोनदाच निवडून येता येतं.

शेवटी एक मुलगा तावातावाने बोलला की सामान्य माणूस उभाच राहू शकत नाही, घटनेतच तशी सोय केलीये. अरे घटनेत नाही रे. ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये डिपॉझिट हे १९५२ च्या निवडणूक कायद्यातलं आहे, आणि हे शंभर जण म्हणजे मतदार असलेले आमदार-खासदार हवेत, नाक्यावरचे मित्र चालत नाहीत. पात्र असणं वेगळं, अर्ज टिकणं वेगळं.

पुढच्या वर्षी परत परीक्षक व्हायचं तर तयारी करून जाणार. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे मराठीतलं संविधान मिळतं, कलम ५२ ते ७३ एवढंच राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींचं प्रकरण आहे, दादर ते मुलुंड विंडो सीट मिळाली तर तेवढ्यात वाचून होतं.