क्लिंगॉन शिकताना कर्ता शेवटी का न्यायचा

क्लिंगॉन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला मी आधी एवढंच सांगते, वाक्य मनात इंग्रजीत जुळवू नका. पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे तसं होतं आणि मग अख्खं वाक्य उलटं करत बसावं लागतं. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी असतंच. फक्त कर्ता उचलून शेवटी ठेवायचा.

‘स्टार ट्रेक’ या अवकाशकथांसाठी ही भाषा घडवणाऱ्या मार्क ओक्रँड यांनी कर्म, क्रियापद, कर्ता हा क्रम मुद्दाम निवडला, कारण जगात तो फार क्वचित आढळतो. ब्राझीलमधली हिश्कारयाना ही त्यातली एक भाषा. क्लिंगॉनचा कोश आला 1985 मध्ये.

ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर मी आणि माझी मैत्रीण यावरूनच भांडलो. ती म्हणाली, “अगं, क्रियापदाला उपसर्ग लागतो ना? मग क्रमाचा एवढा बाऊ कशाला?” तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. ‘कालेघ’ म्हणजे ‘मी तुला पाहते’, ‘चोलेघ’ म्हणजे ‘तू मला पाहतेस’. एका शब्दात वाक्य पुरं.

मी वहीचं पान फाडून तीन चिठ्ठ्या केल्या: पुक म्हणजे मूल, लेघ म्हणजे पाहणं, याष म्हणजे अधिकारी. (हा ष खरोखरचा पोटफोड्या, जीभ वर वळवूनच म्हणायचा.) वारा होता, म्हणून तिने चिठ्ठ्या बोटांनी दाबून धरल्या. ‘पुक लेघ याष’: अधिकारी मुलाला पाहतो. मग मी कडेच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. ‘याष लेघ पुक’: आता मूल अधिकाऱ्याला पाहतं. ‘तो त्याला’ असं असलं की क्रियापदाला उपसर्गच नसतो, आणि नामांना ना ‘ने’ ना ‘ला’. अर्थ सगळा जागेवर.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “पण जोर द्यायचा असेल तर?”

मला वाटतं, आपण मराठी लोक अडखळतो ते इथे. “आज चहा केला बाबांनी!” असं आपण सहज म्हणतो आणि त्यात बाबांवर जोर येतो. क्लिंगॉनमध्ये तोच क्रम साधा, रोजचा. त्यामुळे कर्ता शेवटी दिसला की आपल्या कानाला नसलेला जोर ऐकू येतो. ही सवय मोडायला मला काही महिने लागले. क्लिंगॉनमध्ये जोर येतो तो नामाला ‘ए’ हा प्रत्यय लावून. प्रत्यय लागला तरी कर्ता शेवटीच राहतो.

स्थळ, काळ आणि ‘आता’, ‘पटकन’ यांसारखी क्रियाविशेषणं कर्माच्याही आधी येतात. कर्माला ‘ए’ लागला असेल तर मात्र क्रियाविशेषण त्याच्या नंतर आलं तरी चालतं. यावर आमचे आणखी दोन रविवार गेले. शेवटी कोशाच्या 1992 च्या आवृत्तीची पुरवणी उघडली, तर नियम तिथे स्पष्ट लिहिलेला होता. म्हणून जुनी प्रत मिळाली तर ती पुरवणी आधी मिळवा, वाद नंतर घाला.