अल्फा-सिन्युक्लिन: ब्लॉट कोरा आला म्हणजे प्रथिन नाही, असं नसतं

पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत लेवी बॉडीज नावाच्या गुठळ्यांमध्ये साचणारं आणि मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) कित्येक पेशींतही भरपूर सापडणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन अवघ्या 140 अमिनो आम्लांचं आहे. लहान आहे, घडी पक्की नाही. तिथेच सगळी गंमत बिघडते.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवून अँटीबॉडीने शोधण्याच्या पद्धतीत) ते जेलवरून मेम्ब्रेनवर जातं खरं, पण तिथे घट्ट बसत नाही. ब्लॉकिंग करताना (मेम्ब्रेनवरची रिकामी जागा झाकताना), धुताना निघून जातं. एका विद्यार्थिनीने मेलानोमाच्या पेशींत या प्रथिनाचा जीन दाबला होता. ब्लॉटवर कंट्रोलही (जीन न दाबलेल्या पेशींचा नमुना) कोरा आणि दाबलेलाही कोरा. तिने तीन अँटीबॉडी बदलल्या, एक्सपोजर वाढवत नेलं आणि शेवटी ‘या पेशींत सिन्युक्लिन नाहीच’ असं वहीत लिहून टाकलं. दोन महिने गेले. मी एवढंच विचारलं, ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन फिक्स केलीस का? वेळ वाचावा म्हणून प्रथिन मेम्ब्रेनवर रसायनाने पक्कं करण्याची ती पायरी गाळली होती. 0.4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवली, आणि जुन्याच अँटीबॉडीने 15 किलोडाल्टनच्या मार्करच्या जरा वर बँड उमटला: कंट्रोलमध्ये जाड, शेजारी पुसट. (वजन साडेचौदा किलोडाल्टन असलं तरी जेलवर तो थोडा वरच दिसतो. तिथे घाबरू नका.)

माझी सवय ठरलेली आहे: 0.2 मायक्रॉनची मेम्ब्रेन, ट्रान्सफर संपताच फ्यूम हूडमध्ये फिक्सिंग, आणि दर वेळी एका लेनमध्ये शुद्ध प्रथिन. काही अँटीबॉडींना फिक्सिंग मानवत नाही, म्हणून नवी अँटीबॉडी आधी त्या शुद्ध प्रथिनावरच तपासते. ती लेन कोरी असेल तर बाकीच्या लेनबद्दल मी एक शब्द बोलत नाही.

दुसरी चूक मला जास्त सलते, कारण तिथे रुग्णाने कण्यात सुई सोसलेली असते. रक्तातलं 99 टक्क्यांहून जास्त अल्फा-सिन्युक्लिन तांबड्या पेशींत असतं. पाठीच्या कण्यातल्या द्रवात थोडंसं रक्त मिसळलं की आकडा फुगतो, आणि रंग पाहून ते कळेलच असं नाही. प्रत्येक नळीत हिमोग्लोबिन मोजा. मर्यादा आधी ठरवा, निकाल पाहून नव्हे.

उंदरावर काम करणाऱ्यांनो, 1997 मध्ये माणसात रोगकारक म्हणून सापडलेला A53T बदल (53व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी थ्रिओनिन) उंदराच्या प्रथिनात मुळातच असतो. क्रम जुळवताना हे विसरू नका.

फायब्रिल (या प्रथिनाचे गोठवून ठेवलेले तंतू) बर्फावर वितळवू नका, आणि सोनिकेट केल्याशिवाय (ध्वनिलहरींनी त्यांचे तुकडे केल्याशिवाय) पेशींवर तर मुळीच टाकू नका.

एसएच-एसवाय5वाय ही न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे कर्करोगाची पेशी आहे. तिच्यात दिसलं ते न्यूरॉनमध्ये होतंच, असं लिहिण्याची घाई कशाला?

आणि पार्किन्सनच्या रुग्णांत मेलानोमा जास्त आढळतो याचं खापर थेट लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधावर फोडू नका. औषध सुरू होण्याआधीही हा संबंध दिसलेला आहे. हे प्रथिन केंद्रकात डीएनएच्या दुहेरी तुटी सांधायला हातभार लावतं, असेही पुरावे आहेत. पण पेशींचा सरसकट अर्क काढला की केंद्रकात किती होतं हेच हातातून निसटतं. मी केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे काढते, आणि दोन्हींसोबत लॅमिन (केंद्रकाची खूण) आणि ट्युब्युलिन (पेशीद्रवाची खूण) लावते. एक दिवस जास्त जातो. जाऊ द्या.