कर्ण जुळवायचा तर वर्गमूळ हाताशी हवं

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला एका घराची आखणी चालली होती. माप २४ बाय ३७ फूट. मला या कामात दोनच वर्षं झाली होती. कॅल्क्युलेटरवर कर्ण काढला, ४४.१० आला, आणि टेप धरणाऱ्या पोराला मी सांगितलं, "चव्वेचाळीस फूट दहा इंच." खुंट्या ठोकल्या, लाइनदोरी ओढली, फक्की मारली. दुपारपर्यंत दोन बाजूंचा पाया खोदून झाला.

जेवण झाल्यावर मिस्त्रीकाका म्हणाले, "दुसरा कर्ण घेतलास का रे?" घेतला. ४३ फूट ४ इंच भरला. कोपरे काटकोनात असले की दोन्ही कर्ण सारखे भरतात, इथे दीड फुटाचा फरक! २४ फुटांची बाजू गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, साडेदहा इंच सरकली होती. खोदलेलं सगळं बुजवून पुन्हा आखावं लागलं, आणि मजुरांचा तो दिवस मी माझ्या खिशातून दिला.

०.१० म्हणजे फुटाचा दहावा भाग, सव्वा इंचसुद्धा पुरता नाही. मी त्याला दहा इंच समजलो. त्या दिवसापासून कर्णाचं वर्गमूळ मी आधी वहीत काढतो, मग यंत्रावर ताडून बघतो. पद्धत सोपी आहे, भागाकार येणाऱ्या कुणालाही जमते.

तेच घर घेऊ. २४ चा वर्ग ५७६, ३७ चा १३६९, बेरीज १९४५. आता याचं वर्गमूळ. उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडा: १९ | ४५. जोड्या दोन, म्हणजे उत्तराचा पूर्णांक दोन आकडी. १९ मध्ये चाराचा वर्ग १६ बसतो, पाचाचा २५ बसत नाही, म्हणून उत्तर चाळीस ते पन्नासच्या मध्ये. ४५ चा वर्ग २०२५, जास्त झाला. ४४ चा १९३६. उरले ९. ४४ ची दुप्पट ८८. ९ ला ८८ ने भागा: ०.१०२. उत्तर ४४.१०२.

दुप्पट कशासाठी, हे मला फरशी बसवताना उमगलं. एक-एक फुटाच्या १९३६ फरशा लावल्या की ४४ बाय ४४ चा चौरस होतो. हातात ९ उरल्या. चौरस चौरसच ठेवून त्या खपवायच्या, तर लगतच्या दोन बाजूंना सारख्या रुंदीची पट्टी लावावी लागेल. दोन पट्ट्या, प्रत्येकी ४४ फूट लांब, मिळून ८८ फूट. ९ चौरस फूट ८८ फुटांवर पसरले की पट्टीची रुंदी ०.१०२ फूट. कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन रिकामा राहतो, तो आपण सोडून देतो. त्यामुळे हे उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी किंचित जास्त येतं.

हे किंचित कधी कधी महागात पडतं. ६० चं वर्गमूळ घ्या. ४९ पासून निघालात तर उरतात ११, त्याला १४ ने भागून येतं ७.७८६. खरं उत्तर ७.७४६. फुटात हा अर्धा इंच होतो. तेच ६४ पासून निघा: ४ कमी पडतात, १६ ने भागले की ०.२५, आठातून वजा केले की ७.७५. आता चूक अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणून जवळचा वर्ग धरा, मग तो वरचा असो की खालचा.

थांबायचं कुठे? एक सूत म्हणजे जवळजवळ ०.०१ फूट. टेपवर त्याहून बारीक आम्ही वाचत नाही. फुटात हिशोब असेल तर दशांशानंतरचे दोन आकडे पुरतात, तिसरा फक्त पूर्णांकनासाठी. मग रूपांतर: ०.१०२ गुणिले १२, १.२२ इंच. एक इंच बाजूला काढा, उरलेल्या ०.२२ ला आठाने गुणा, पावणेदोन सूत. टेपवर ४४ फूट १ इंच आणि दोन सूत. हे रूपांतर तोंडी करू नका, लिहा.

मोठी संख्या असली आणि जवळचा वर्ग सुचत नसला, तर सरासरी काढा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौरस एकराची बाजू किती? जोड्या ४ | ३५ | ६०, उत्तर दोनशेच्या वर. २०० धरा. ४३,५६० भागिले २०० म्हणजे २१७.८. दोघांची सरासरी २०८.९. पुन्हा भागा: २०८.५२. पुन्हा सरासरी: २०८.७१. दोन फेऱ्यांत सुतापर्यंत पोचलो. गुंठ्याला एवढेही कष्ट नाहीत. १०८९ चौरस फूट म्हणजे सरळ ३३ बाय ३३.

चौरस खोलीच्या कर्णासाठी तर बौधायन शुल्बसूत्र या वेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथातला नियम मला फार आवडतो. ती माणसं दोरीने यज्ञाच्या वेदी आखत होती, म्हणजे आमच्याच कामातली. नियम असा: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. १२ फुटांची खोली: १२ अधिक ४ अधिक १, झाले १७. त्यातून एक फुटाचा चौतिसावा भाग वजा, म्हणजे तीन सूत कमी सतरा फूट. कॅल्क्युलेटर १६.९७ दाखवतो, तेच हे.

वर ४५ चा वर्ग २०२५ आला, त्यावर थोडं थांबतो. ५ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग तोंडी येतो: चार पंचे वीस, पुढे पंचवीस. आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर इथेच देवळालीत शाळामास्तर होते. ५५ चा वर्ग ३०२५ हीसुद्धा त्यातलीच. पण ही वर्गमूळ काढायची युक्ती समजू नका, १९३६ ला लावाल तर ५५ येतील. घरातल्या मुलांना मात्र जरूर दाखवा.

आता प्रत्यक्ष जागेवर. पहिला कोपरा ३-४-५ ने धरा (एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४, तिरपं ५ भरलं की काटकोन), पण तीन फुटांवर समाधान मानू नका. १२-१६-२० घ्या, म्हणजे सुताची चूक लांबवर पसरत नाही. माप खुंटीच्या कडेपासून घेऊ नका. खुंटीवर खिळा मारा आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंत घ्या. टेप ताणून, झोळ न ठेवता. आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते बघा, मग वहीतला कर्ण लावा. आणि दुसरा कर्ण घेतल्याशिवाय फक्कीची पिशवी उघडू नका.