लीद साचली? गोणीत भरून फाटकाबाहेर ठेवा

लग्नसराईच्या 2 घोड्या दारात असल्या की रोज 30-40 किलो लीद निघते. शेणाला गिऱ्हाईक असतं, लिदीच्या धड गोवऱ्याही थापता येत नाहीत. आमचा उकिरडा गोठ्याच्या भिंतीला टेकला, तरी "फुकट न्या" म्हणून कुणी फिरकेना. खोरं घेऊन दुसऱ्याच्या उकिरड्यात कोण उतरणार? भरलेली गोणी मात्र लोक उचलतात.

1. लीद दिवसभर उन्हात पसरा. वजन घटतं, वासही मरतो.
2. युरियाच्या रिकाम्या गोण्या घ्या अन् अर्ध्याच भरा. गच्च गोणी मोटारसायकलवर बसत नाही, माणूस बघून पुढं जातो.
3. सकाळी रस्त्याकडेला ठेवा. पाटी लावा: "घोड्याची लीद, फुकट. गोणी परत आणा." (गोण्या परत येतीलच असं नाही, दुकानदाराकडून जुन्या मागून ठेवा.)

उरलेल्यासाठी जालन्याकडचा एखादा मोसंबीवाला गाठा. उन्हाळ्यात तो ट्रॉलीच लावतो.

नेणाऱ्याला एवढं सांगाच: ताजी लीद बुंध्याशी टाकू नका. कुजताना ती तापते, मुळं भाजतात. ढीग ओला ठेवून 2-3 महिने कुजवा, मग घाला.