पिकाच्या अंगभूत संरक्षणाच्या आधारे कीड कशी आटोक्यात ठेवावी

कपाशीच्या पानावरची लव, तिच्या पाना-बोंडांतील गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या काळसर ग्रंथी आणि हरभऱ्याच्या पानांवर पाझरणारा आंबट द्रव, म्हणजे आंब, ही पिकाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली तजवीज आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने कीड व्यवस्थापनाची सुरुवात ही तजवीज ओळखून ती टिकवण्यापासून करावी. फवारणीचा विचार त्यानंतर यावा.

वाणाची निवड

पेरणीपूर्वीच यातले निम्मे काम होते. दाट व लांब लव असलेल्या पानात तुडतुड्यांच्या मादीला शिरांमध्ये अंडी घालणे अवघड जाते, आणि बाहेर आलेल्या पिल्लांनाही रस शोषणे जमत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण रसशोषक किडींना तोंड देणारा म्हणूनच मराठवाड्यात लोकप्रिय झाला. बियाणे घेताना दुकानदाराला बोंडाच्या आकाराबरोबर पानावरील लवेबद्दलही विचारावे. मात्र पांढरी माशी लवदार पानांवर अधिक रमते, त्यामुळे केवळ लवेच्या भरवशावर राहू नये.

नत्राला आवर

युरिया जास्त पडला की कपाशी गर्द हिरवी, लुसलुशीत होते आणि मावा व तुडतुडे तिच्याकडे धाव घेतात. शेजाऱ्याच्या रानाचा हिरवेपणा पाहून पोत्यामागून पोते टाकण्याची सवय इथे सर्वाधिक नडते. माती परीक्षणानुसार नत्राची मात्रा ठरवावी, ती एकदम न देता विभागून द्यावी आणि पालाश टाळू नये.

मित्रकीटकांना जागा

अळीने पान कुरतडल्यावर कपाशीचे झाड विशिष्ट गंधद्रव्ये हवेत सोडते, आणि त्या वासाच्या मागावर परजीवी गांधीलमाश्या अळीपर्यंत पोहोचतात. पानाच्या खालच्या बाजूला मुख्य शिरेवर मधाची लहान ग्रंथी असते. तिच्यातील गोड रसावर या माश्या, ढालकिडे आणि मुंग्या पोसल्या जातात. पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सर्वच कीटकांना मारणारे जहाल औषध फवारले, तर झाडाने हाक मारूनही येणारे कोणी उरत नाही. म्हणून या काळात अशी औषधे टाळावीत. कपाशीच्या कडेने चवळीची एक ओळ लावावी. तिच्यावरील माव्यावर ढालकिडे वाढतात व पुढे कपाशीत उतरतात. झेंडूवर हिरव्या बोंडअळीचा पतंग, तर सोयाबीनभोवती लावलेल्या एरंडीवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालतो. किडीला मुख्य पिकापासून स्वतःकडे ओढणाऱ्या अशा सापळा झाडांवरील अंडीपुंज आणि अळ्या वेळोवेळी वेचून नष्ट कराव्यात. वेचणी होणार नसेल तर सापळा पीक लावूच नये, कारण मग ते किडीची रोपवाटिका बनते.

निंबोळी अर्क

आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत वीसेक झाडांची पाने उलटून पाहावीत. सरासरी दर पानी २ ते ३ तुडतुडे किंवा १० मावा आढळल्यास कडुनिंबाने स्वतःसाठी तयार केलेले ॲझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य आपल्या पिकासाठी वापरावे. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. बुरशी लागलेल्या घेऊ नयेत. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात भिजत घालावी. सकाळी फडक्यातून पिळून घ्यावी, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. हा ५ टक्के अर्क उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून तो त्याच दिवशी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचेल असा फवारावा. किडे लगेच मरून पडत नाहीत. अळी खाणे सोडते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते, आणि त्याला काही दिवस लागतात.

रब्बीतला हरभरा

हरभऱ्याच्या आंबेतील मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल बहुतेक किडींना दूर ठेवते. घाटेअळी मात्र तिला पुरती जुमानत नाही, तरी ऑक्झॅलिक आम्लामुळे तिची वाढ मंदावते. पावसाने आंब धुऊन जाते. म्हणून अवकाळी पाऊस झाल्यावर पिकाची पाहणी पुढे ढकलू नये. पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळल्यास ताटांवर पक्षी बसतात व अळ्या टिपतात. तरीही ओळीच्या एका मीटरमध्ये १ ते २ अळ्या दिसू लागल्या, तर त्या लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळी फवारावा. मोठ्या झालेल्या अळ्यांवर या दोन्हींचा फारसा परिणाम होत नाही; त्या हाताने वेचाव्या लागतात.