हरित हायड्रोजनचा पहिला लेआउट करताना

केमिकल इंजिनिअरिंग करून हरित हायड्रोजनकडे वळणारी मुलं मला हमखास विचारतात, ‘अल्कलाइन शिकू की पीईएम?’ सौर-पवन विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचे, म्हणजे इलेक्ट्रोलायझरचे, हे दोन प्रकार. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पहिला प्रकल्प १० मेगावॉटचा, बंदराला लागून, आणि कुंपणाला खेटून वस्ती. दोन महिने मी इलेक्ट्रोलायझरच्या तुलनेचे तक्ते करत बसलो. गाडी अडली ती भलतीकडेच.

वस्तीतल्या लोकांबरोबरच्या पहिल्या बैठकीला मी स्फोटाच्या प्रश्नांची जय्यत तयारी करून गेलो होतो. एका आजींनी विचारलं, ‘‘रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येईल ना?’’ माझी बोलती बंद.

गणित साधं आहे. एक किलो हायड्रोजनसाठी साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि त्यातली जेमतेम ३९ युनिट वायूत साठतात. बाकीच्याची बहुतांश उष्णता होते. म्हणजे १० मेगावॉटच्या प्लांटला अडीचेक मेगावॉट उष्णता सतत बाहेर फेकावी लागते. ती फेकतात कूलरचे पंखे, वर कॉम्प्रेसरची धडधड वेगळी. शांत रात्री पाण्यावरून आवाज लांबवर पोचतो, हे बंदराजवळ राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला मात्र ते बैठकीत कळलं. शेवटी पंखे मोठे घेतले आणि संथ फिरवले. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. जागा आणि पैसे जास्त लागतात, त्यावरून वरिष्ठांशी वाजलंच.

स्फोटाची भीती खोटी नाही, पण ती चित्रात नेमकी कुठे बसते ते बघायला शिका. माझ्या इलेक्ट्रोलायझर हॉलचं ड्रॉइंग सरांनी टेबलावर पसरलं आणि पेन्सिल छतावर टेकवली.

‘‘गळती झाली तर वायू कुठे जाईल?’’

‘‘वर, सर. हवेपेक्षा चौदा पट हलका आहे.’’

‘‘आणि वर काय ठेवलंयस?’’

वर सपाट छत होतं आणि खाली उतरलेल्या खोल तुळया. दोन तुळयांमध्ये उलट्या डब्यासारखा कप्पा, वायू साठायला अगदी सोयीचा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या पट्ट्यात पेटतो, ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते आणि दिवसा ज्योत जवळजवळ दिसतच नाही. छत उतरतं केलं, माथ्यावर सलग व्हेंट ठेवला आणि डिटेक्टर वर सरकवले. हा बदल कागदावर फुकट होता; शेड उभी राहिल्यावर झाला नसता.

दुसरा धोका वीज कमी असताना येतो. सौर वीज उतरली आणि स्टॅक, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमधली सेलची चळत, अगदी कमी लोडवर चालू राहिला, की दोन वायूंमधल्या पडद्यातून पलीकडे जाणाऱ्या वायूचं प्रमाण वाढतं आणि ऑक्सिजन व हायड्रोजन एकमेकांत मिसळू लागतात. दक्षिण कोरियात गांगनुंग इथे मे २०१९ मध्ये हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन शिरून स्फोट झाला, दोघे दगावले. किमान लोडची मर्यादा आणि शुद्धता घसरली की प्लांट आपोआप बंद करणारा ट्रिप या गोष्टी हॅझॉपच्या, म्हणजे धोक्यांच्या पद्धतशीर आढाव्याच्या, वेळी घाईत उरकू नका.

ऑक्सिजनला कोणी घाबरत नाही, तेच चुकतं. किलोभर हायड्रोजनमागे आठ किलो ऑक्सिजन निघतो. त्याचा व्हेंट कूलरच्या हवेजवळ किंवा केबल ट्रेवर सोडला तर एरवी न पेटणाऱ्या वस्तूही धडाडून पेटतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. अभिक्रियेला किलोमागे ९ लिटर पाणी लागतं. समुद्राचं पाणी शुद्ध केलं तर उरलेलं दाट खारं पाणी कुठे सोडणार, हा प्रश्न मासेमारी करणारे विचारणारच. नकाशा घेऊन जा.

शिकायचं काय? स्टॅकचं शिका, पण वायू-प्रसाराचं मॉडेलिंग, धोकादायक क्षेत्रांसाठीचं आयईसी ६००७९-१०-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि आवाजाचं गणित त्याआधी हातात घ्या. स्टॅकचं पॅकेज विकत मिळतं. लेआउट तुम्हालाच करावा लागतो.

आमचे कॉम्प्रेसर नवव्या रिव्हिजनला घरांपासून लांब, समुद्राच्या बाजूला गेले. मग कूलरच्या फिन्सवर खारी हवा बसणार म्हणून कोटिंग बदललं, पाइप लांबला, बजेट फुगलं. दहावी रिव्हिजन त्या पाइपसाठी काढली.