तुकडा कोणत्या धातूचा? वजनकाट्यावर घनता काढा

डिजिटल वजनकाट्यावर आधी कोरड्या तुकड्याचे वजन घ्या. मग पाण्याने अर्धा भरलेला ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण हातात अधांतरी धरून ठेवा. आता दिसणारे ग्रॅम म्हणजेच तुकड्याचे घनसेंटीमीटरमधले आकारमान. वजनाला त्याने भागा. १३५ ग्रॅमच्या तुकड्याला ५० आकडा आला, तर घनता २.७, म्हणजे बहुधा अ‍ॅल्युमिनियम.

जस्त ७.१, लोखंड ७.९, तांबे ९.०, चांदी १०.५, शिसे ११.३. चकाकणारा पण ठोकल्यावर फुटणारा तुकडा २.३ च्या आसपास आला, तर तो सिलिकॉन हा धातुसदृश असू शकतो. ग्राफाइट अधातू असूनही वीज वाहून नेतो, त्यामुळे नुसत्या वीजवहनाच्या चाचणीवर विसंबू नका.

चूक बहुतेक आकारमानातच होते. तुकडा तळाला टेकला, की त्याचे वजनही काट्यावर येते. चिकटलेले बुडबुडे आकारमान वाढवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. १ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर २० ग्रॅम लोखंडाला २ किंवा ३ आकडा दिसेल आणि घनता १० किंवा ६.७ निघेल! अशा काट्यासाठी निदान २०० ग्रॅमचा तुकडा हवा. पोकळ वस्तूला ही पद्धत लागू नाही. सोने आणि टंगस्टन दोन्ही १९.३, तिथे घनता निवाडा करू शकत नाही.

रॉकेलमध्ये ठेवलेला, सुरीने कापता येणारा मऊ धातू मात्र पाण्याजवळही नेऊ नका. तो सोडियम असेल तर पेट घेईल.